दुसरी पृथ्वी : शोध आणि वाद

सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोंवतीं फिरणारे ज्ञात ग्रह १९९५ सालच्या आरंभीं बोटांवर मोजण्याइतकेच होते. सप्टेंबर २०२५ मध्यें अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेच्या नोंदींत त्यांची संख्या ६००० वर पोंचली. यांपैकीं बहुतेक ग्रह पृथ्वीहून सर्वस्वी निराळे आहेत. कांहीं गुरूसारखे प्रचंड असून आपल्या ताऱ्याला इतके लगटून फिरतात कीं, त्यांचें वर्ष चार दिवसांत पुरें होतें. कांहींचा पृष्ठभाग वितळलेल्या खडकाचा असावा. परंतु मधूनमधून 'पृथ्वीसदृश ग्रह सांपडला' अशी बातमी येते, आणि मग घरोघर एकच प्रश्न निघतो : तेथें कोणी राहत असेल काय? त्याच्या पाठोपाठ दुसराहि प्रश्न येतो : मनुष्याला तेथें जाऊन राहतां येईल काय? कांहीं महिन्यांनीं पुन्हां बातमी येते कीं, त्या ग्रहाविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत; क्वचित् असेंहि ऐकूं येतें कीं, तो ग्रह मुळांत नाहींच. वाचक गोंधळतो. ज्यांचें आपसांत पटत नाहीं त्यांच्या सांगण्यावर विश्वास तरी किती ठेवावा, असें त्याच्या मनांत येतें. 'पृथ्वीसदृश' या शब्दांत खरी माहिती किती असते, आणि त्या शब्दावरून होणारा वाद कशासाठीं असतो, याचा उलगडा केल्यावांचून हा गोंधळ मिटण्यासारखा नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, थोडे अपवाद सोडले तर हे ग्रह कोणीं प्रत्यक्ष पाहिलेले नाहींत. दूरच्या एखाद्या ताऱ्यावरून आपली सूर्यमाला न्याहाळली, तर पृथ्वीहून सूर्य सुमारें एक हजार कोटी पट तेजस्वी दिसेल. एवढ्या झगझगाटाशेजारीं ग्रहाचा ठिपका वेगळा काढणें आजच्या दुर्बिणींनाहि जवळजवळ अशक्य आहे. म्हणून ज्योतिर्विद ग्रहाकडे न पाहतां ताऱ्याकडे पाहतात, आणि ताऱ्याच्या वर्तनांत जो सूक्ष्म फरक पडतो त्यावरून ग्रहाचें अनुमान करतात. या अनुमानाचे मुख्य मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग फुगडीच्या उदाहरणानें समजण्यासारखा आहे. एखादी थोराड बाई आणि लहान मुलगी फुगडी घालूं लागल्या म्हणजे मुलगी मोठें वर्तुळ घेते. परंतु बाईहि अगदीं स्थिर राहत नाहीं, तिलाहि लहानसें वर्तुळ घ्यावेंच लागतें. अंधारामुळें मुलगी दिसली नाहीं, तरी बाईच्या डुलण्यावरून तिच्या हातांत कोणाचे तरी हात आहेत हें कळेल, आणि त्या दुसऱ्या व्यक्तीच्या वजनाचाहि अंदाज करतां येईल. ताराहि ग्रहाच्या ओढीनें असाच डुलतो. तो जवळ येतांना त्याच्या वर्णपटांतील रेषा निळ्या बाजूस सरकतात, दूर जातांना तांबड्या बाजूस सरकतात. गुरूच्या ओढीमुळें सूर्याला सेकंदास सुमारें १२ मीटर गति मिळते. पृथ्वीमुळें मिळणारी गति सेकंदास केवळ ९ सेंटिमीटर, म्हणजे कासवाच्या चालीएवढी असते. अनेक प्रकाशवर्षांवरील उकळत्या वायुगोलाची कासवाची चाल ओळखणें किती कठीण आहे, हें सांगावयास नकोच. शिवाय ताऱ्याची कक्षा किती कललेली आहे हें या रीतीनें कळत नाहीं. म्हणून ग्रहाचें वस्तुमान 'निदान इतकें तरी असावें' एवढेंच सांगतां येतें.

दुसरा मार्ग ग्रहणाचा आहे. ग्रह ताऱ्याच्या बिंबासमोरून जाऊं लागला म्हणजे ताऱ्याचें तेज किंचित् मंदावतें. पृथ्वी सूर्यासमोरून जातांना दूरच्या निरीक्षकाला सूर्याचें तेज सुमारें बारा हजारांत एक भागानें कमी झालेलें दिसेल, आणि तेंहि वर्षांतून एकदां, कांहीं तासांपुरतें. त्यांतहि कक्षा नेमकी दृष्टिरेषेंत असली तरच हा योग येतो. पृथ्वीसारख्या कक्षेंतील ग्रहाच्या बाबतींत असा योग सुमारें दोनशें ताऱ्यांमागें एकदां संभवतो. या रीतीनें ग्रहाची त्रिज्या कळते, पण ती ताऱ्याच्या त्रिज्येच्या मानानें. ताऱ्याचें माप चुकलें कीं ग्रहाचेंहि चुकलें. ग्रहाचें वस्तुमान या रीतीनें सामान्यतः कळत नाहीं, आणि वस्तुमान कळल्यावांचून तो खडकाचा आहे कीं वायूचा आहे, हें निश्चयानें सांगतां येत नाहीं.

अशा सूक्ष्म मोजमापांत चुकीला वाव किती असतो, हें या शोधाच्या जुन्या इतिहासावरून दिसून येतें. आणि त्या इतिहासाचा एक धागा पुण्याशीं जुळलेला आहे. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यांतील इंजिनियर अधिकारी. त्यांनीं १८४२ च्या सुमारास पुण्यास स्वतःची वेधशाळा उभारली आणि तेथून जोडताऱ्यांचे वेध घेऊन त्यांची यादी प्रसिद्ध केली. पुढें ते मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. भुजंगधारी तारकासमूहांतील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याचे दोन घटक न्यूटनच्या नियमाप्रमाणें जेथें दिसावयास हवेत तेथें दिसत नाहींत, असें त्यांच्या लक्षांत आलें. १८५५ सालीं त्यांनीं असें मत मांडलें कीं, या जोडीजवळ ग्रहासारखी एखादी अदृश्य वस्तु असावी आणि तिच्या ओढीमुळें हा फरक पडत असावा. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचा पुरावा म्हणून वेधांच्या आधारें केलेलें हें अगदीं आरंभींचें प्रतिपादन होय. १८६२ च्या ऑगस्टमध्यें नव्या वेधशाळेच्या कामासाठीं जेकब पुन्हां या प्रांतांत आले, आणि थोड्याच दिवसांत पुण्यास त्यांचा अंत झाला.

जेकब यांच्या मागून १८९६ सालीं अमेरिकेंतील टी. जे. जे. सी यांनीं त्याच जोडताऱ्याजवळ अदृश्य वस्तु असल्याचें पुन्हां सांगितलें. परंतु १८९९ मध्यें फॉरेस्ट मूल्टन या तरुण गणितज्ञानें सिद्ध केलें कीं, सांगितली तशी तीन वस्तूंची मंडळी फार काळ टिकूंच शकणार नाहीं. ती विस्कटून जाईल. ज्या फरकावरून हा सारा तर्क उभा राहिला होता, तो वेधांतील चुकांचा परिणाम होता. जेकब यांचें निरीक्षण कष्टाचें होतें, त्यांचा हेतु शुद्ध होता, आणि तर्काची दिशाहि बरोबर होती. कमी पडलें तें उपकरण.

त्याच तारकासमूहांत बर्नार्डचा तारा म्हणून एक मंद तांबडा तारा आहे. तो केवळ ६ प्रकाशवर्षें दूर आहे. पीटर व्हान डी कांप यांनीं अमेरिकेंतील स्प्राउल वेधशाळेंत या ताऱ्याचीं हजारों छायाचित्रें तपासलीं, आणि १९६३ सालीं त्याच्याभोंवतीं गुरूहून मोठा ग्रह फिरतो असें जाहीर केलें. पुढील दहा वर्षें हा ग्रह पाठ्यपुस्तकांत शिरला. १९७३ मध्यें गेटवुड आणि आयकहॉर्न यांनीं निराळ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांवरून पाहिलें, तेव्हां ताऱ्याचें तसलें डुलणें त्यांना आढळलें नाहीं. त्याच सुमारास जॉन हर्शी यांनीं दाखविलें कीं, स्प्राउलच्या दुर्बिणीच्या भिंगाची जुळणी ज्या वेळीं बदलली होती, त्याच वेळीं इतर ताऱ्यांच्या स्थानांतहि तसाच फरक पडलेला दिसतो. डुलत होता तो तारा नव्हे. हललें होतें तें भिंग. व्हान डी कांप यांनीं मात्र हें अखेरपर्यंत मान्य केलें नाहीं. १९९५ च्या मे महिन्यांत त्यांचें निधन झालें. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें स्वित्झर्लंडच्या मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनीं महाश्व तारकासमूहांतील ५१ क्रमांकाच्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा ग्रह जाहीर केला. सूर्यासारख्या ताऱ्याभोंवतींचा हा पहिला निर्विवाद ग्रह. त्यासाठीं २०१९ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्या दोघांस विभागून मिळाला. बर्नार्डच्या ताऱ्याचें म्हणाल, तर २०२४ आणि २०२५ सालीं अत्यंत नाजूक वेधांवरून त्याच्याभोंवतीं चार ग्रह असल्याचें दिसून आलें. ते सर्व पृथ्वीहून लहान आहेत, आणि व्हान डी कांप यांच्या ग्रहाशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं.

अलीकडच्या काळांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण तूळ राशींतील ग्लीझ ५८१ या ताऱ्याचें आहे. हाहि तारा मंद आणि तांबडा असून सुमारें २० प्रकाशवर्षें दूर आहे. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं त्याचे दोन नवे ग्रह जाहीर केले. ताऱ्यापासून ज्या क्रमानें ते सांपडले त्या क्रमानें त्यांस सी आणि डी हीं अक्षरें मिळालीं. यांपैकीं एखाद्यावर पाणी द्रवरूपांत असूं शकेल, अशी चर्चा लगेच सुरू झाली. लोकांचा उत्साह इतका वाढला कीं, २००८ सालीं युक्रेनमधील येव्पातोरिया येथील रेडिओ दुर्बिणीवरून सी ग्रहाच्या दिशेनें ५०१ संदेश धाडण्यांत आले. आणि २००९ च्या ऑगस्टमध्यें ऑस्ट्रेलियांतील कॅनबेराजवळून डी ग्रहाच्या दिशेनें जगभरच्या लोकांचे सुमारें २६ हजार संदेश पाठविण्यांत आले. हे संदेश २०२९ च्या सुमारास तेथें पोंचावयाचे आहेत.

२०१० च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील स्टीव्हन व्होग्ट आणि पॉल बटलर यांनीं याच ताऱ्याचा आणखी एक ग्रह जाहीर केला. त्याला जी हें अक्षर मिळालें. त्याचें वर्ष सुमारें ३७ दिवसांचें, वस्तुमान पृथ्वीच्या निदान तिप्पट, आणि जागा अशी कीं, तेथें ऊब ना फार अधिक ना फार उणी. तेथें जीवन असण्याची शक्यता आपल्या मतें शंभर टक्के आहे, असें व्होग्ट यांनीं पत्रकारांस सांगितलें. तें त्यांचें वैयक्तिक मत आहे, हेंहि त्यांनीं त्याच वेळीं स्पष्ट केलें होतें. पण ऐकणारांच्या लक्षांत टक्के तेवढे राहिले. दोन आठवडेहि झाले नाहींत तोंच इटलींतील तूरिन येथें भरलेल्या परिषदेंत जिनिव्हाच्या मंडळींनीं सांगितलें कीं, आमच्या वेधांत या ग्रहाची खूण सांपडत नाहीं. पुढें चार वर्षें वाद चालला. आंकडे तेच, पण हिशेबाच्या रीती निराळ्या. एकाला ग्रह दिसे, दुसऱ्याला दिसत नसे.

२०१४ मध्यें पॉल रॉबर्टसन, सुव्रत महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं या वादाचा निराळाच निवाडा पुढें ठेवला. तारा स्वतःभोंवतीं सुमारें १३० दिवसांत फिरतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर सूर्यावरील डागांसारखे चुंबकीय उपद्रव असतात. ते डाग समोर येतात आणि मागें जातात, तेव्हां वर्णपटांतील रेषा किंचित् सरकल्यासारख्या दिसतात. डी ग्रहाचें म्हणून सांगितलेलें ६६ दिवसांचें वर्ष हें ताऱ्याच्या फिरण्याच्या काळाच्या निम्म्याजवळ, आणि जी ग्रहाचें वर्ष त्याच्या चौथाईजवळ येत होतें. म्हणजे ज्याला ग्रहाची ओढ समजलें होतें तें ताऱ्याच्या स्वतःच्या अंगावरील डागांचें नाटक होतें. हा निष्कर्षहि वादावांचून स्वीकारला गेला नाहीं; तरी आज बहुतेक जाणकार या ताऱ्याचे तीनच ग्रह धरतात, आणि त्यांत जी नाहीं, डीहि नाहीं. कॅनबेराहून निघालेले ते हजारों संदेश अद्याप वाटेवर आहेत. ज्या पत्त्यावर ते धाडले तेथें घरच नसावें, असें आतां मानलें जातें. त्या संदेशांत लोकांची खरी उत्कंठा भरलेली होती, आणि म्हणूनच ही गोष्ट नुसती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. विज्ञानाचा शब्द घाईनें लोकांपर्यंत पोंचला म्हणजे लोकांच्या भावना पणाला लागतात. आणि पुढें तो शब्द मागें घ्यावा लागला, तर त्याच्याबरोबर विज्ञानावरील विश्वासहि थोडा मागें जातो.

वादाचा दुसरा भाग ग्रहाच्या असण्यानसण्याचा नाहीं, तर 'पृथ्वीसदृश' या शब्दाच्या अर्थाचा आहे. या शब्दाचा शास्त्रीय वापर फार मर्यादित असतो. ग्रहाचा आकार किंवा वस्तुमान पृथ्वीच्या आसपास असावें, आणि ताऱ्यापासून त्याचें अंतर असें असावें कीं, योग्य वातावरण असल्यास त्याच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपांत राहूं शकेल. या अंतराच्या मर्यादेला वसतियोग्य पट्टा म्हणतात. ऐकणारा मात्र या शब्दांत समुद्र, ढग, झाडें आणि सकाळचें कोंवळें ऊन घालून घेतो. या दोहोंतील अंतर किती मोठें आहे, हें जवळच्याच उदाहरणावरून कळतें. शुक्राची त्रिज्या पृथ्वीच्या ९५ टक्के आणि वस्तुमान ८१ टक्के आहे. उदार हिशेबानें तो या पट्ट्याच्या अगदीं कांठाशीं येतो. दूरच्या ताऱ्यावरील एखाद्या ज्योतिर्विदाला आपल्यासारखींच साधनें लाभलीं असतीं, तर सूर्यमालेंत एकमेकींसारख्या दोन पृथ्व्या आहेत, असें त्यानें आपल्या वहींत लिहून ठेवलें असतें. वस्तुतः शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारें ४६० अंश सेंटिग्रेड उष्णता असते, आणि हवेचा दाब येथल्या नव्वद पटींहून अधिक असतो. उलट मंगळ हा पट्ट्याच्या आंत मोडतो. पण त्याची हवा इतकी विरळ कीं, तिचा दाब पृथ्वीवरील हवेच्या एक टक्काहि भरत नाहीं, आणि पृष्ठभागावर पाणी टिकत नाहीं.

खुद्द पृथ्वीचेंहि उदाहरण घेतां येईल. पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटी वर्षें आहे, परंतु तिच्या हवेंत प्राणवायु सांठूं लागला तो सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं. त्याच्या आधींहि येथें सूक्ष्म जीव होतेच. म्हणजे आयुष्याच्या जवळजवळ पूर्वार्धांत पृथ्वीकडे पाहून तिच्या हवेंत प्राणवायु शोधणारा निरीक्षक निराश होऊन परतला असता, आणि ज्या ग्रहावर जीवन आहे त्याला त्यानें निर्जीव ठरविलें असतें. यावरून असें दिसतें कीं, 'पृथ्वीसदृश' हा शब्द ग्रहाच्या अंगाचें माप सांगतो. त्याच्या घरांत चूल पेटली आहे कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं.

अमेरिकेची केपलर दुर्बीण २००९ ते २०१८ पर्यंत अवकाशांत कार्य करीत होती. तिनें आरंभीं हंस तारकासमूहाच्या बाजूच्या सुमारें दीड लाख ताऱ्यांवर एकाच वेळीं नजर ठेविली, आणि तिच्या वेधांतून २६०० हून अधिक ग्रह निश्चित झाले. तिच्या आंकड्यांवरूनहि असाच वाद झाला. २०१५ सालीं केपलर-४५२ बी हा ग्रह जाहीर झाला. त्याचा तारा सूर्यासारखा, वर्ष ३८५ दिवसांचें, त्रिज्या पृथ्वीच्या सुमारें १.६ पट, म्हणून त्याला पृथ्वीचा थोरला भाऊबंद म्हणण्यांत आलें. परंतु २०१८ मध्यें केपलरच्याच आंकड्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, इतक्या क्षीण आणि इतक्या थोड्या वेळां आलेल्या खुणा दुर्बिणीच्या यंत्रदोषांमुळेंहि उमटूं शकतात. तेव्हां दुसऱ्या साधनानें पडताळा मिळाल्यावांचून या ग्रहाला निश्चित म्हणतां येणार नाहीं. सूर्यासारख्या किती ताऱ्यांना पृथ्वीएवढे ग्रह असतील, या गणितांतहि असेंच झालें. २०१३ सालीं एरिक पेटिगुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पांचांत एक असा अंदाज दिला. पुढच्याच वर्षीं त्याच आंकड्यांचा निराळ्या रीतीनें हिशेब करणाऱ्या दुसऱ्या मंडळींना उत्तर पुष्कळ कमी आलें. याचें कारण उघड आहे. जेथें प्रत्यक्ष मोजलेले ग्रह जवळजवळ नाहींत, तेथें लहान कक्षांतील ग्रहांवरून मोठ्या कक्षांतील ग्रहांचा अंदाज बांधावा लागतो, आणि रेघ थोडी तिरकी पडली कीं तिचें टोंक फार दूर जातें.

आज ज्यांचा अभ्यास बारकाईनें करतां येतो असे ग्रह मुख्यतः लहान तांबड्या ताऱ्यांचे आहेत, आणि येथेंच सध्यांचा सर्वांत जोराचा वाद आहे. सूर्याला सर्वांत जवळचा प्रॉक्सिमा हा तारा असाच आहे. नरतुरंग समूहांतील 'मित्र' या प्रसिद्ध ताऱ्याचा तो सोबती. त्याच्याभोंवतीं ११ दिवसांत फिरणारा, वजनानें पृथ्वीशीं तुलना करण्याजोगा ग्रह २०१६ सालीं सांपडला. कुंभ राशींतील ट्रॅपिस्ट-१ या सुमारें ४० प्रकाशवर्षें दूरच्या ताऱ्याला पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह असल्याचें २०१७ मध्यें मिकाएल जिलाँ आणि सहकाऱ्यांनीं जाहीर केलें. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, असे तारे विश्वांत सर्वांत अधिक आहेत, ते फार दीर्घायुषी आहेत, आणि म्हणून जीवनाला अवसर मिळावयाचा तर तो येथेंच अधिक मिळेल. दुसरा पक्ष म्हणतो कीं, या ताऱ्यांची ऊब थोडी असल्यामुळें ग्रहाला अगदीं जवळ राहावें लागतें. त्यामुळें त्याची एकच बाजू सदैव ताऱ्याकडे राहण्याचा संभव आहे, आणि ताऱ्याच्या अंगावर उसळणाऱ्या प्रखर ज्वाला त्याचें वातावरण ओरबाडून नेत असतील. हा वाद केवळ तर्कानें सुटणारा नव्हता. २०२३ सालीं जेम्स वेब दुर्बिणीनें ट्रॅपिस्टच्या सर्वांत आंतल्या ग्रहाची उष्णता मोजली. ती सुमारें २३० अंश सेंटिग्रेड भरली, आणि तेथें जाणवण्याजोगें वातावरण नसावें असें दिसलें. दुसऱ्या ग्रहावरहि शुक्रासारखें दाट वातावरण नाहीं असें आढळलें. ई हें अक्षर मिळालेला, वसतियोग्य पट्ट्यांतला ग्रह अद्याप परीक्षेंत आहे. २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पहिल्या वेधांवरून त्याला वातावरण आहे कीं नाहीं, याचा निर्णय झालेला नाहीं.

हवेची परीक्षा सुरू झाली तशी वादाची जागाहि हवेंत सरकली. सिंह राशींतील के२-१८ बी हा ग्रह पृथ्वीच्या सुमारें साडेआठ पट वजनाचा असल्यामुळें त्याला पृथ्वीसदृश म्हणणें कठीणच आहे. वाराणशीस शिकलेले आणि आतां केंब्रिज येथें असलेले निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२५ च्या एप्रिलमध्यें त्याच्या हवेंत डायमिथिल सल्फाइड या द्रव्याच्या खुणा दिसत असल्याचें मांडलें. पृथ्वीवर हें द्रव्य मुख्यतः समुद्रांतील सूक्ष्म जीवांपासून होतें. थोड्याच आठवड्यांत इतरांनीं तेच वेध तपासून सांगितलें कीं, ही खूण इतकी अस्पष्ट आहे कीं, तिच्यावरून त्या द्रव्याचें अस्तित्व ठरवितां येत नाहीं. या वादाचा शेवट अधिक वेधांनींच होईल.

या सर्व प्रकरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. शास्त्रज्ञांचा वाद हा त्यांच्या दुबळेपणाचा पुरावा नव्हे. जेकब यांची चूक मूल्टननें काढली, व्हान डी कांप यांची दुसऱ्या दुर्बिणींनीं काढली, केपलरच्या ग्रहाविषयींची शंका केपलरच्याच मंडळींनीं उपस्थित केली. ज्या विद्येंत दुसऱ्यानें पडताळून पाहण्याची वाट मोकळी ठेवलेली असते, तिच्यांतच अशा चुका उघडकीस येतात. सोनाराच्या कसोटीवर सोनें घांसतात तें त्याचा अपमान करण्यासाठीं नव्हे. म्हणून नव्या पृथ्वीची बातमी ऐकणारानें तीन साधे प्रश्न मनाशीं विचारावे : या ग्रहाचें काय मोजलें आहे, त्रिज्या कीं वस्तुमान, कीं दोन्ही? हें मोजमाप दुसऱ्या कोणीं निराळ्या साधनानें करून पाहिलें आहे काय? आणि त्याच्या हवेविषयीं जें सांगितलें जातें तें पाहिलेलें आहे कीं कल्पिलेलें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, म्हणजे बातमींतील शोध किती आणि आशा किती, हें ज्याचें त्याला ठरवितां येतें.

तेथें जाऊन राहण्याचा जो दुसरा प्रश्न, त्याचें उत्तर मात्र आजच देतां येतें. प्रॉक्सिमाचा ग्रह सर्वांत जवळचा, आणि तो सुमारें ४० लाख कोटी किलोमीटर दूर आहे. सूर्यमालेबाहेर निघालेलें व्हॉयेजर-१ हें यान सेकंदास सुमारें १७ किलोमीटर वेगानें जात आहे. त्या वेगानें तें अंतर तोडावयास सुमारें ७५ हजार वर्षें लागतील. म्हणजे शोधाचा आनंद घ्यावा, पण येथल्या पृथ्वीची हेळसांड करण्यास तो सबब होऊं देऊं नये.

शोध थांबणार नाहीं, थांबूंहि नये. चिली देशांत ३९ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहत आहे. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या पृथ्वीएवढ्या ग्रहांसाठीं युरोपची प्लेटो ही अवकाशांतील दुर्बीण योजिलेली आहे. भारतांतहि अबूच्या पहाडावर गुरुशिखर येथें अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचें 'पारस' हें उपकरण ताऱ्यांचें डुलणें मोजीत असून, त्याच्या साह्यानें कांहीं मोठे ग्रह सांपडले आहेत. पुण्यास आपल्या लहानशा दुर्बिणीनें जोडतारे मोजणाऱ्या जेकब यांना जें साधलें नाहीं, तें आज याच देशांत साधतें आहे. अनंतकोटि ब्रह्मांडें हा शब्द मराठी घरांत नित्याच्या प्रार्थनेंत येतो. इतर सूर्यांभोंवतीं इतर जगें असावीं, या कल्पनेचें येथें कोणास भय वाटत नाहीं. पण कल्पनेंतील कोटि आणि मोजमापांतील एक, यांत शास्त्राला एकाचाच हिशेब द्यावा लागतो. ज्या ग्रहावर जीवन आहे असें निश्चयानें सांगतां येतें, तो ग्रह आजमितीस एकच आहे. दुसरा सांपडेल त्या दिवशीं त्याची बातमी सावकाश, वादाच्या सर्व कसोट्यांतून उतरून यावी; ती जितकी उशिरां येईल तितकी ती खरी असण्याचा संभव अधिक.